फिटरबाई आणि सोनेरी केबल

फिटरबाईला पहिल्यांदा पाहणारा माणूस दार उघडतो आणि तिच्या मागे बघतो. मागे कुणीतरी बाप्या असेल, ड्रिल त्याच्या हातात असेल, ही नुसती पावतीवर सही घ्यायला पुढे आली असेल, अशी त्याची समजूत. मागे कुणी नसतं. ड्रिल हिच्याच खांद्याला, शिडी हिच्याच काखेत, आणि टीव्हीचं खोकं जिन्याच्या वळणावर भिंतीला टेकवून ठेवलेलं.

"तुमच्याबरोबर माणूस नाही आला का कुणी?"

"मग मी काय मांजर आहे? चला, खोक्याला एक हात लावा."

हात लावा हे ती विचारत नाही, सांगते. गिऱ्हाईक बँकेतला मोठा साहेब असो की कुणाची लाडावलेली सून, निमूटपणे खोक्याचं दुसरं टोक धरतं. पुढच्या पाऊण तासात मत बदलतं. ती भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक करत जाते आणि आवाजावरून सांगते, इथे वीट आहे, इथे पोकळ आहे, इथून विजेची तार खाली उतरलीय, इथे भोक पाडलं तर तुम्ही, मी आणि टीव्ही तिघंही उडू. मग पेन्सिलीची खूण, मग ड्रिल. भुकटी खाली सांडू नये म्हणून भोकाच्या खाली जुनं पाकीट चिकटवलेलं. काम झालं की ते पाकीट दुमडून स्वतःच्या खिशात. नऊ वर्षांत तिने टांगलेला एकही टीव्ही पडलेला नाही. गावभर हे सांगायला ती कमी करत नाही, आणि का करावी? पुरुष फिटर दोन खिळे ठोकून छाती फुगवून हिंडतात, त्यांना कुणी गर्विष्ठ म्हणत नाही.

दुकानात ती आली ती फडकं घेऊन. टीव्हींच्या काचा पुसायच्या, फरशी पुसायची, रिकामी खोकी दाबून बांधायची, एवढंच काम. पण खोकी दाबताना आतल्या माहितीपुस्तिका ती बाजूला काढायची आणि घरी न्यायची. सासूला वाटलं रद्दीत घालायला आणते. ही बया रात्रीची भांडी झाली की स्वयंपाकघरात बसून त्या वाचायची. कुठल्या भोकात काय जातं, कुठलं बटण काय करतं, चित्र निळसर का होतं. शाळा सातवीत सुटलेली. शिकवायला कुणी नाही. एका पुस्तिकेत चार भाषा, त्यातली एकच कळायची, उरलेल्या तिन्हींतली चित्रं बघायची. दीड वर्षाने एके दिवशी फिटर आलाच नाही, गिऱ्हाईक दारात ओरडत उभं, आणि मालक डोकं धरून बसलेले. हिने फडकं बादलीत टाकलं आणि म्हणाली, "साहेब, मी लावून येते."

मालक हसले. हसता हसता हो म्हणाले, कारण दुसरा इलाज नव्हता. तो टीव्ही अजून भिंतीवर आहे.

पण फिटर झाली म्हणून कायम झाली असं नाही. नऊ वर्षं रोजावरच. आली तर पगार, नाही आली तर हात हलवत बस. गेल्या वर्षी शिडीवरून मनगट मुरगळलं तेव्हा तीन आठवडे घरी बसली आणि ते तीन आठवडे नवऱ्याने बेकरीच्या भट्टीवर दुप्पट पाळ्या करून भरून काढले. भट्टीची धग सोसून त्याचा चेहरा तांब्यासारखा झाला. तक्रारीचा चकार शब्द त्याने काढला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. सासू मात्र बोलली. सासूची जीभ म्हणजे कात्री.

"नऊ वर्षं जातेय त्या दुकानात, आणि अजून पाहुणीच आहेस बाई तिथं."

त्या दिवसापासून फिटरबाईच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. कायमचं पत्र पाहिजे. मालकांच्या सहीचं, शिक्क्याचं.

आता सोनेरी केबलबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथंच अडलं.

टीव्हीला चित्र देणाऱ्या पेटीतून टीव्हीपर्यंत एक केबल जाते. हातभर, फार तर दोन हात. ती खोक्यात फुकट येते किंवा कुठल्याही दुकानात दोन वेळच्या चहाच्या पैशात मिळते. पण मालकांच्या दुकानात काचेच्या कपाटात, मखमलीवर, दिव्याखाली, एक दुसरी केबल ठेवलेली असे. जाड, काळ्या रेशमी विणीची, दोन्ही टोकांना सोन्याचा मुलामा. किंमत टीव्हीच्या आठव्या हिश्शाएवढी. आणि ती विकायची पद्धत अशी: शेजारी शेजारी दोन सारखे टीव्ही. एकाला साधी केबल, दुसऱ्याला सोनेरी. साध्यावर फुलं मरगळलेली, सोनेरीवर फुलं टवटवीत. गिऱ्हाईक बघतं, मान डोलावतं, आणि पाकीट काढतं.

फिटरबाईला त्यातली मेख माहीत होती. साध्या केबलच्या टीव्हीचा उजेड आणि रंग आतून खाली ओढून ठेवलेले असत. विक्रीवाला रोज सकाळी रिमोट घेऊन ते करायचा आणि म्हणायचा, "गिऱ्हाइकाला समजावून सांगायला सोपं जातं." चोरालाही कुलूप तोडताना असंच वाटत असेल, दार उघडायला सोपं जातं.

दुकानात ती गप्प बसायची. पोटासाठी माणूस किती गोष्टींवर गप्प बसतो हे पोट भरलेल्यांना कळायचं नाही. पण तिने स्वतःपुरता एक नियम घालून घेतला होता: आपणहून बोलायचं नाही, पण कुणी सरळ विचारलं तर खोटं सांगायचं नाही. गिऱ्हाइकाच्या घरी टीव्ही लागल्यावर कुणी विचारलंच की, "बाई, या केबलने खरंच फरक पडतो का हो?", तर ती म्हणायची, "तुम्हीच सांगा. पाठ फिरवा."

ही तिची पद्धत. घरातल्या सगळ्यांनी टीव्हीकडे पाठ करायची. ती मागे जाऊन केबल बदलणार, किंवा बदलणार नाही. बदलली नाही तरी काढून तीच पुन्हा खोचणार, म्हणजे कानांनाही चाहूल लागायला नको. टीव्हीच्या मागच्या बाजूवर रुमाल. मग "फिरा" म्हटलं की फिरायचं आणि सांगायचं, कोणती लावलीय. कोणती लावलीय ते तिने आधीच तळहातावर पेनाने लिहून मूठ मिटलेली असायची. नाणं उडवून ठरवायची, मनाने नाही, कारण स्वतःच्या मनावरही तिचा भरवसा नव्हता.

आणि भरवसा का नव्हता, तर तिनेच एकदा शेण खाल्लं होतं.

फिटर झाल्याच्या पहिल्याच वर्षी तिने सोनेरी केबल घेतली होती. दुकानातल्यांना सवलतीत मिळायची. थोरल्या बहिणीसाठी घेतली, कारण थोरलीने तिला लहानपणी अंगाखांद्यावर वाढवलं होतं आणि तिला कधी काही मोठं देता आलं नव्हतं. टीव्हीच्या मागे हात घालून केबल खोचली, पुढे आली, आणि दोघी बहिणी सतरंजीवर बसल्या.

"अगं बाई," थोरली म्हणाली, "हिच्या कानातलं आत्ता दिसलं मला. इतके दिवस ही बिनकानातल्याचीच वाटायची."

"आणि मागचं झाड बघ की अक्का. पान न् पान."

"उगीच नाही महाग. धाकटे, तू शिकलीस हो."

दोघी तासभर बघत बसल्या. डोळे भरून बघितलं. निघताना फिटरबाईने जुनी केबल काढून घ्यावी म्हणून मागे वाकून पाहिलं, तर सोनेरी केबलचं एक टोक टीव्हीत आणि दुसरं टोक भिंतीशी हवेत लोंबकळतंय. पेटीत खोचायचं राहूनच गेलेलं. तासभर दोघींनी जे कानातलं आणि जी पानं बघितली, ती सगळी जुन्याच केबलमधून आलेली होती.

थोरलीला हसू आवरेना. "म्हणजे नुसती शेजारी टांगली तरी चालते! चांगल्या माणसाची सावलीच पुरे!"

फिटरबाईला हसू आलं नाही. तिला राग आला, आणि तो स्वतःचाच होता. दुकानात लोकांना कुणी टोपी घालतंय हे तिला दिसत होतं, पण तिच्या डोक्यावर तिनेच घातलेली टोपी तिला दिसली नव्हती. तेव्हापासून चित्र कसंय असं विचारलं की ती आधी पाठ फिरवायला लावते.

तर असं चाललं असताना वृद्धाश्रमाची ऑर्डर आली. बावीस खोल्यांसाठी बावीस टीव्ही, शिवाय सभागृहासाठी एक मोठा. आश्रमाचा कारभार एका निवृत्त मेट्रनबाईंच्या हातात. चाळीस वर्षं इस्पितळात डॉक्टरांना उभं-आडवं धरलेली बाई. तिने मालकांना फोनवर सांगितलं, तुमचे दोन टीव्ही आणि तुमची ती केबल इथे आणा, राहणाऱ्यांसमोर लावा, मग बघू.

मालकांनी फिटरबाईला आतल्या खोलीत बोलावलं. टेबलावर एक कागद ठेवला होता. टंकलेला, शिक्का मारलेला. सही तेवढी नव्हती.

"वाच."

तिने वाचलं. कायमची नेमणूक. आजारपणाची रजा, भरपगारी. रजेची ओळ तिने दोनदा वाचली.

"यावर उद्या सही होईल," मालक म्हणाले. "आश्रमात टीव्ही तू लावायचेस. विक्रीवाला बोलेल तर म्हाताऱ्यांना वाटेल गळ्यात मारतोय. तू बोललीस की लोक ऐकतात. तेवीस टीव्ही, तेवीस सोनेरी केबली. ऑर्डर आली की तिथल्याच पायरीवर सही."

"साहेब, तिथं मला कुणी विचारलं तर?"

"काय विचारणार? डोळ्यांना दिसतं ते दिसतं. मी स्वतःच्या घरी तीच लावलीय, बाई. मला दिसतो फरक." हे मात्र मालक खरं बोलत होते. हातगाडीवर ट्रान्झिस्टर विकून वर आलेला माणूस. चकचकीत ते चांगलं, यावर त्याची मनापासून श्रद्धा. रिमोटची करामत त्याला माहीत होती, पण ती त्याला लबाडी वाटतच नव्हती. खरं आहे ते जरा ठळक करून दाखवतो, असं तो स्वतःला समजावत असे. असली माणसं साध्या लबाडांपेक्षा जास्त अवघड, कारण ती डोळ्यांत डोळे घालून बोलतात.

घरी तिने कुणाला सांगितलं नाही. फक्त सासूने जेवताना विचारलं, "आज का गं गुळणी धरून बसलीस?" आणि नवऱ्याने आईला डोळ्यांनी गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आश्रमाच्या बैठकीच्या खोलीत दोन टीव्ही टेबलांवर मांडले. खोलीत औषधांचा आणि उकडलेल्या बटाट्यांचा वास. वीसेक म्हातारे-म्हाताऱ्या खुर्च्या ओढून बसलेले. पुढच्या रांगेत एक मिशीवाले आजोबा, काठीवर दोन्ही हात ठेवून, सर्कस बघायला आल्यासारखे. मेट्रनबाई बाजूला, हातात वही. फिटरबाईने केबली लावल्या, एका पेटीतून दोन्ही टीव्हींना चित्र दिलं. डावीकडे साधी, उजवीकडे सोनेरी. डावीकडचं फूल मरगळलेलं, उजवीकडचं टवटवीत. विक्रीवाल्याने दुकानातून निघतानाच रिमोट फिरवला होता.

"उजवा!" आजी-आजोबा एका सुरात म्हणाले.

"बघा," मालक हात चोळत म्हणाले. "मी काही बोललो तरी का? तुमचे डोळेच बोलले."

मेट्रनबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मग चष्म्यावरून फिटरबाईकडे पाहिलं.

"बाई, टीव्ही तुम्ही लावता ना? मग तुम्ही सांगा. हा फरक केबलचा आहे की टीव्हीचा?"

सरळ प्रश्न. आडपडदा नाही. मालकांच्या बगलेत निळी फाइल होती आणि फाइलीत ते पत्र होतं, हे फक्त दोघांना माहीत. त्यांनी फाइल जराशी दाबून धरली. फिटरबाईच्या डोळ्यांसमोर नवऱ्याचा भट्टीने भाजलेला चेहरा आला. नुसतं "केबलचा" म्हटलं की झालं. चार अक्षरं. त्यावर उरलेलं आयुष्य पगारी रजेत आजारी पडता आलं असतं.

"अदलाबदल करून बघू," ती म्हणाली.

"कशाला उगीच?" मालक पुढे झाले.

"त्या विचारतायत, साहेब."

तिने केबली बदलल्या. सोनेरी डावीकडे, साधी उजवीकडे. चित्र आलं. डावीकडचं फूल मरगळलेलंच, उजवीकडचं टवटवीतच.

मिशीवाले आजोबा म्हणाले, "फुलाला अजून कळलं नाही वाटतं."

हसण्याचा असा काही लोट उठला की एका आजींना ठसका लागला आणि मेट्रनबाईंना पाणी मागवावं लागलं.

"अहो, सोनेरी केबल तापायला वेळ लागतो," मालक म्हणाले.

"इस्त्री आहे का ती?" मेट्रनबाई म्हणाल्या. "बाई, पुढे?"

फिटरबाईने रिमोट घेतला, दोन्ही टीव्हींचा उजेड सारखा केला, रंग सारखे केले. दोन्ही फुलं जुळ्या बहिणींसारखी दिसायला लागली. मालकांचा चेहरा असा झाला की जणू त्यांच्याच घरातून कुणी सामान बाहेर काढतंय.

"मी हे मुद्दाम नाही केलं," ते म्हणाले, आणि मग चिडून, "पण फरक असतोच! बारीक असतो. त्याला नजर असावी लागते. मला दिसतो."

"मग या," फिटरबाई म्हणाली. "एकच टीव्ही ठेवू. पाठ फिरवा, साहेब."

नऊ वर्षांत मालकाला तिने पहिल्यांदा हुकूम सोडला असेल. आणि मालक फिरले, कारण माघार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. बाकीचेही फिरले. वीस म्हाताऱ्या माणसांनी खुर्च्या फिरवायच्या म्हणजे पाच मिनिटं गेली. दोन आजींनी टीव्हीच्या मागे चादर धरली. नाणं उडालं, तळहातावर अक्षर लिहिलं गेलं, केबल निघाली, केबल खोचली गेली.

"फिरा."

"सोनेरी," मालक म्हणाले. "शंकाच नाही."

मेट्रनबाईंनी लिहून घेतलं, ताप नोंदवावा तसं. बाकीच्यांनी हात वर केले, त्यांचीही मोजणी झाली. पुन्हा पाठ. पुन्हा नाणं.

"आता साधी. त्या बाईच्या केसांवर बघा ना, धूसर झालंय."

"मला तर जास्त दिसतंय," मिशीवाले आजोबा म्हणाले. "पण मी बाईकडे बघतोय, केसांकडे नाही."

दहा वेळा झालं. मग फिटरबाईने मूठ उघडली आणि मेट्रनबाईंना तळहात वाचायला दिला. मेट्रनबाईंनी वहीशी ताडून पाहिलं. म्हाताऱ्या मंडळींपैकी कुणाचे पाच बरोबर, कुणाचे सहा, कुणाचे चार. मालकांचे चार. आणि केसांवर धूसर झालं तेव्हा केबल बदललीच नव्हती. तीच काढून तीच लावली होती.

"डोळे बांधून सांगितलं असतं तर पाच आले असते," मेट्रनबाई म्हणाल्या.

मालक खुर्चीवर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते केबलकडे बघत होते, जुन्या मित्राकडे बघावं तसं. फिटरबाईला वाईट वाटलं. तिला ते टोक हवेत लोंबकळताना दिसलं होतं तेव्हा तिचंही असंच झालं होतं, पण तेव्हा आजूबाजूला वीस माणसं नव्हती.

"साहेब, तुमचीच नजर खोटी असं नाही," ती जरा हळू म्हणाली. "सगळ्यांची तशीच. या केबलमधून चित्र जात नाही, आकडे जातात. फोन नंबर गोड आवाजात सांगितला काय आणि घोगऱ्या आवाजात सांगितला काय, लिहून घेणारा तोच नंबर लिहितो. आकडे पोचले तर पुरते पोचतात. नाही पोचले तर पडदा काळा होतो, ठिपके उडतात. फिकट असं काही नसतं."

"मग सभागृहातही लावा साधीच!" मालक उसळले. "फुकटचीच लावा! माझं दुकान बंद करा!"

"ते बघायला लागेल," ती म्हणाली, आणि सगळी वरात सभागृहाकडे निघाली.

सभागृहात मोठा टीव्ही पुढच्या भिंतीवर यायचा होता, पण पेटी मात्र मागच्या कचेरीत, कुलपाच्या कपाटात. मेट्रनबाईंचा हट्ट. पेटी हाताशी असली की दुपारी वाहिनीवरून मारामाऱ्या होतात, असा त्यांचा अनुभव. कपाटापासून भिंतीपर्यंत छताच्या कडेने पंधरा मीटर. फिटरबाईने आणलेली लांब, साधी, स्वस्त केबल खालूनच पसरली आणि बैठकीतला एक टीव्ही आणून जोडला. चित्र आलं. मग पांढरे ठिपके उडायला लागले, निखाऱ्यावर फुंकर मारल्यासारखे. मग पडदा काळा. मग पुन्हा चित्र, पुन्हा काळा.

मालकांची मान ताठ झाली. "आता? आता काय म्हणतेस?"

ती काही न बोलता केबल गुंडाळू शकली असती. बैठकीच्या खोलीत सगळ्यांसमोर तिचा मुद्दा आधीच सिद्ध झालेला, टाळ्या पडायच्याच बाकी होत्या. पण तसलं जिंकणं तिच्या स्वभावात नाही.

"आता म्हणते, इथं साधी चालणार नाही. वाट लांब आहे, आकडे वाटेत सांडतात. इथं चांगली केबल लागेल, पैसे जास्त पडतील, आणि ते द्या."

"म्हणजे सोनेरी?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"सोन्याचा काही संबंध नाही. जाड लागेल, आत तांबं जास्त असलेली, एवढ्या लांबीला तपासून शिक्का मारलेली. साहेबांच्याच दुकानात आहे, मागच्या फळीवर. सोनेरीच्या निम्म्या किमतीत."

"ती?" मालक म्हणाले. "ती तर कुणी मागतच नाही."

"दाखवलीय का कधी कुणाला?"

मेट्रनबाईंनी वही मिटली आणि तिथेच, सभागृहाच्या खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून ऑर्डर लिहिली. तेवीस टीव्ही. तेवीसही. खोल्यांमध्ये खोक्यातल्याच केबली. सभागृहाला एक जाड. आणि खाली एक ओळ: बसवण्याचं काम आणि पुढची पाच वर्षं देखभाल याच बाईंनी करायची, दुसरं कुणी पाठवू नये. सही केली आणि कागद मालकांच्या हातात दिला.

बाहेरच्या व्हरांड्यात मालक थांबले. एका हातात ऑर्डर, एका हातात निळी फाइल.

"केबलींचा सगळा नफा बुडवलास."

"तेवीस टीव्ही आले ना, साहेब?"

"पत्राचं मात्र विसर. मी तुला घरच्यासारखं वागवलं आणि तू चारचौघांत मला पाठ फिरवायला लावलीस."

फिटरबाईच्या कानशिलात रक्त चढलं. नऊ वर्षं साठलेलं. पण ओरडली नाही. ती चिडकी आहे हे सगळ्यांना ठाऊक. खूप चिडली की तिचा आवाज खाली येतो, हे फक्त तिच्या नवऱ्याला ठाऊक.

"घरच्या माणसाला रोज संध्याकाळी 'उद्या ये' असं सांगतात का? तो कागद वाचा. पाच वर्षं, याच बाईंनी. मी तर रोजावरची. उद्या येईन की नाही, माझं मलाच माहीत नाही. पाच वर्षांचं कसं सांगू? तुम्हीच आत जाऊन मेट्रनबाईंना सांगा, बाईचा भरवसा नाही म्हणून. मी इथं थांबते."

मालकांनी आत बघितलं. मेट्रनबाई दारातून त्यांच्याकडेच बघत होत्या, हाताची घडी घालून. व्यापाऱ्याचं डोकं होतं मालकांचं, हिशोबाला वेळ लागला नाही. त्यांनी फाइल उघडली, पत्र व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवलं आणि खिशातून पेन काढलं.

"थांबा," फिटरबाई म्हणाली.

"आता काय?"

काल आतल्या खोलीत तिने रजेची ओळ वाचली होती आणि वरची ओळ नजरेतून निसटली होती. आता वाचली. हुद्दा: मदतनीस.

"मी कुणाला मदत करते, साहेब?"

मालकांनी कागदाकडे पाहिलं. मग तो शब्द एका रेघेने खोडला, वर "फिटर" लिहिलं, शेजारी बारीक सही केली आणि खाली मोठी. कागद तिच्या हातात दिला तेव्हा नजरेला नजर दिली नाही, पण म्हणाले, "ती जाड केबल उद्या गाडीत टाकायला सांगतो. आणि तो दुकानातला... उजेड सारखा करून ठेवा सकाळी. दोन्हींचा."

नऊ वर्षांत "ठेवा" पहिल्यांदा.

मालक गेले. फिटरबाईने पत्राची घडी घातली. शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली, बाहेरून एकदा हात ठेवून पाहिलं, आणि ड्रिल उचलून पहिल्या खोलीत गेली. पहिली खोली मिशीवाल्या आजोबांची. समोरच्या भिंतीवर पेन्सिलीची खूण कुठे करायची, ते तिने भिंतीजवळ उभं राहून ठरवलं नाही. बूट काढले आणि आजोबांच्या पलंगावर सरळ आडवी झाली, डोकं त्यांच्या उशीवर, हात पोटावर.

आजोबा दारात थिजले. "अहो बाई, हे काय?"

"तुम्ही टीव्ही उभं राहून बघणार आहात का? झोपून बघणार. मग झोपूनच मोजायला नको?" तिने एक डोळा मिटून भिंतीकडे नेम धरला. "रात्री उशी एक घेता की दोन?"

"दोन," आजोबा म्हणाले. "दमा आहे ना."

"मग दुसरी द्या इकडे."